फेडरल ट्रायल जज म्हणजे कोण? अलाबामाच्या फ्रँक जॉन्सनवरून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अटलांटाला आमच्याकडे कोणी पाहुणे आले की मी त्यांना एक दिवस अलाबामाच्या राजधानीला, माँटगोमेरीला, घेऊन जातो, आय-८५ ने अडीच तास, आणि परत येताना गाडीत दर वेळी तेच प्रश्न. मागच्या खेपेला बाबांचे एक मित्र होते, आयुष्यभर साताऱ्यात वकिली केलेले, त्यांनी तर माझी रीतसर उलटतपासणीच घेतली. म्हटलं एकदाच लिहून ठेवू, पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं. मी वकील नाही हे आधीच सांगतो, पण माँटगोमेरीच्या फ्रँक जॉन्सन या एका जजबद्दल गेली काही वर्षं मिळेल ते वाचतोय.

फेडरल ट्रायल जज म्हणजे आपल्याकडचा जिल्हा न्यायाधीशच ना?

नावावर जाऊ नका. त्याला डिस्ट्रिक्ट जज म्हणतात खरं, पण आपल्या डिस्ट्रिक्ट जजपेक्षा हे प्रकरण वेगळं आहे. अमेरिकेत कोर्टांच्या दोन समांतर उतरंडी आहेत, एक राज्याची आणि एक केंद्राची म्हणजे फेडरल. खून, घटस्फोट, भाडेकरू, बहुतेक सगळं राज्याच्या कोर्टात जातं. फेडरल कोर्टात फेडरल कायदा, राज्यघटना, दोन राज्यांतल्या माणसांची मोठ्या रकमेची भांडणं, पेटंट, दिवाळखोरी असलं. देशभर ९४ फेडरल जिल्हे आहेत, त्यावर १३ अपील कोर्टं, आणि सगळ्यात वर सुप्रीम कोर्ट.

आता गंमत बघा, या ९४ पैकी कुठल्याही जिल्ह्यातला एकटा जज राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवू शकतो आणि गव्हर्नरला मनाई हुकूम देऊ शकतो, जे आपल्याकडे हायकोर्टाचं काम. म्हणजे बसतो खालच्या पायरीवर, साक्षी ऐकतो, पुरावे बघतो, ज्यूरीला समजावून सांगतो, पण हातात अधिकार हायकोर्टासारखे. साताऱ्याचे काका हे ऐकून म्हणाले "मग हा सीनिअर डिव्हिजनच्या खुर्चीत बसलेला हायकोर्ट जज झाला की." याहून चांगली व्याख्या मला सुचलेली नाही.

हे जज होतात कसे? परीक्षा असते का?

परीक्षा वगैरे काही नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट मंजुरी देते, आणि त्या राज्याच्या सिनेटरांचं मत फार चालतं. घटनेत वयाची अट नाही, कायद्याच्या डिग्रीचीसुद्धा अट लिहिलेली नाही (व्यवहारात अर्थातच सगळे वकील असतात). उघड उघड राजकीय नेमणूक. आपण कॉलेजियमवरून भांडतो, तिकडे लपवाछपवीच नाही.

फ्रँक जॉन्सन रिपब्लिकन होते, अलाबामात तेव्हा रिपब्लिकन म्हणजे दुर्बीण लावून शोधायची चीज. १९५२ च्या निवडणुकीत त्यांनी आयझेनहॉवरसाठी काम केलं, १९५३ मध्ये उत्तर अलाबामाचे फेडरल सरकारी वकील झाले, आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये आयझेनहॉवरनी त्यांना माँटगोमेरीला मिडल डिस्ट्रिक्टचे जज केलं. वय तेव्हा जेमतेम ३७. सिनेटचं शिक्कामोर्तब जानेवारी १९५६ मध्ये झालं. मधल्या तीन महिन्यांत काय झालं ते पुढे येतंच.

मुळात हा माणूस कुठला?

उत्तर अलाबामातल्या विन्स्टन काउंटीचा, जन्म ३० ऑक्टोबर १९१८. हा डोंगराळ भाग, मळे नाहीत त्यामुळे गुलाम ठेवणारेही मोजकेच, आणि १८६१ मध्ये सगळं राज्य अमेरिकेतून फुटून निघालं तेव्हा हे लोक म्हणाले आम्ही नाही येत. अजूनही त्याला "फ्री स्टेट ऑफ विन्स्टन" म्हणतात. म्हणजे राज्याच्या विरोधात उभं राहायची सवय त्या मातीतच होती असं लोक सांगतात, मला हे जरा जास्तच सोयीस्कर वाटतं कारण त्याच काउंटीतून बाकीचेही हजारो लोक आले आणि ते काही फ्रँक जॉन्सन झाले नाहीत.

त्यांच्या आईचं नावच अलाबामा होतं. खरंच.

लॉ कॉलेज अलाबामा युनिव्हर्सिटी, १९४३ ची डिग्री, मग थेट युद्धावर. नॉर्मंडीनंतरच्या लढाईत पायदळात होते, जखमी झाले, ब्राँझ स्टार मिळाला. परत आल्यावर जॅस्पर नावाच्या गावी वकिली. बायको रूथ, तीही युद्धाच्या काळात नेव्हीत होती. जज झाल्यावर सुद्धा हा माणूस तंबाखू चघळायचा आणि फावल्या वेळात सुतारकाम करायचा, हे कळल्यावर आमच्या काकांचा त्यांच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला.

बसच्या केसमध्ये यांचा काय संबंध? ते तर मार्टिन लूथर किंगनी केलं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१ डिसेंबर १९५५ ला बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागा सोडली नाही म्हणून रोझा पार्क्सना अटक झाली, म्हणजे जॉन्सन खुर्चीत बसून पुरते दोन महिनेही झाले नव्हते. मग बसवरचा बहिष्कार, किंग, सभा, मैलोन्मैल पायपीट, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बसमधली वेगळी बसायची व्यवस्था कायद्याने कोणी मोडली विचारलं की लोक गप्प होतात. बहिष्काराने बस कंपनीचं कंबरडं मोडलं, पण शहर आणि राज्याचा कायदा तसाच होता. तो मोडला ब्राउडर विरुद्ध गेल या केसने, आणि त्यात रोझा पार्क्स वादीच नव्हत्या! ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, क्लॉडेट कॉल्व्हिन आणि मेरी लुईस स्मिथ अशा चौघी होत्या, यातल्या दोघी तर विशीही न गाठलेल्या मुली. वकील फ्रेड ग्रे, ते स्वतः तेव्हा पंचविशीतले.

त्या काळी राज्याच्या कायद्याला आव्हान द्यायचं तर तीन जजचं खास बेंच बसायचं. रिचर्ड रिव्ह्ज, सेबर्न लिन आणि आपले जॉन्सन. पद्धत अशी की चर्चेत सगळ्यात ज्युनिअर जजने आधी मत द्यायचं, म्हणजे मोठ्यांच्या दबावाखाली येऊ नये. तर ज्युनिअर जॉन्सन म्हणाले की सरकारने सक्तीने लादलेला भेदभाव घटनेच्या विरुद्ध आहे, मी वादींच्या बाजूने. रिव्ह्ज म्हणाले मी पण. झालं. ५ जून १९५६ ला २ विरुद्ध १ ने निकाल.

लिन यांचा विरोध काय होता तेही ऐका, कारण तो अगदीच भंकस नव्हता. ते म्हणाले की वेगळं ठेवणं चालणार नाही हे सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये फक्त शाळांपुरतं सांगितलंय, प्रवासाबद्दलचा १८९६ चा "वेगळे पण समान" हा निकाल अजून शब्दशः रद्द केलेला नाही, आणि वरच्या कोर्टाचा निकाल आपण खालच्यांनी मेला म्हणून कसा जाहीर करायचा? ट्रायल जजच्या कामातली ही खरी गोम आहे. जॉन्सन आणि रिव्ह्जनी म्हटलं तो निकाल आता उरलाच नाही. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केलं, २१ डिसेंबरपासून बस सगळ्यांना मोकळ्या.

मग शहरातल्या लोकांनी काय केलं त्यांचं?

वाळीत टाकलं. आपल्याला हा शब्द समजावून सांगायला नको. लोक बोलेनासे झाले, धमक्यांची पत्रं, रात्रीबेरात्री फोन, अंगणात क्रॉस जाळला (कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेची धमकी द्यायची रीत). रिव्ह्ज यांच्या मुलाच्या थडग्यावर कचरा टाकला, हे वाचून मला दोन दिवस कसंतरीच झालं होतं. एप्रिल १९६७ मध्ये जॉन्सनच्या आईच्या घरी बॉम्ब फुटला, आई सुखरूप वाचली. घर आईचं, पण नवऱ्याचं आणि मुलाचं नाव एकच असल्यामुळे हल्लेखोरांना ते जजचंच घर वाटलं असावं असं सगळे मानतात.

सुप्रीम कोर्टाचे नऊ जण दूर वॉशिंग्टनला राहतात. या माणसाला ज्यांच्याविरुद्ध ऑर्डर काढली त्यांच्याच शेजारी राहायचं होतं, त्यांच्याच दुकानात किराणा आणायचा होता, पोराला त्यांच्याच पोरांबरोबर शाळेत पाठवायचं होतं. मी पाहुण्यांना तिथे नेतो ते खरं तर एवढंच दाखवायला.

दत्तक घेतलेला एकच मुलगा होता, त्याने १९७५ मध्ये आत्महत्या केली. लोक लगेच याचा संबंध त्या छळाशी जोडतात, मी जोडत नाही, दुसऱ्याच्या घरातलं दुःख असं हिशोबात मांडायचं नसतं.

जॉर्ज वॉलेस त्यांचा मित्र होता म्हणे?

लॉ कॉलेजचा वर्गमित्र. हो हो, तोच वॉलेस, जो १९६३ मध्ये गव्हर्नर म्हणून शपथ घेताना म्हणाला की विभक्तपणा आज, उद्या आणि कायम. कॉलेजात दोघांचं चांगलं जमायचं.

मोठा किस्सा १९५९ चा आहे. तेव्हा वॉलेस राज्याच्या कोर्टात जज होता. फेडरल नागरी हक्क आयोगाने मतदार नोंदणीची दफ्तरं मागितली, हा म्हणाला देत नाही, जेलमध्ये जाईन. प्रकरण आलं जॉन्सनपुढे, त्यांनी हुकूम दिला दे म्हणून. जॉन्सननी नंतर सांगितलेली हकिकत अशी की वॉलेस रात्री उशिरा त्यांच्या घरी आला, म्हणाला मला थोडीशीच शिक्षा दे, राजकारणात उपयोग होईल. हे म्हणाले दफ्तरं दिली नाहीस तर चांगला ठोकीन. मग वॉलेसने काय केलं, दफ्तरं सरळ आयोगाला न देता ग्रँड ज्यूरीकडे (खटला भरायचा का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) दिली आणि त्यांनी ती आयोगाला दाखवली, बाहेर मात्र सांगत फिरला की मी झुकलो नाही. अवमानाच्या खटल्यात जॉन्सननी त्याला निर्दोष सोडलं, आणि निकालात लिहून ठेवलं की याने आडमार्गाने का होईना हुकूम पाळलाय. म्हणजे जेलपेक्षा वाईट! हुतात्मा व्हायला निघालेल्या माणसाला आज्ञाधारक म्हणून सर्टिफिकेट दिलं.

वॉलेसने ते आयुष्यभर मनात ठेवलं. पुढच्या निवडणुकीत जॉन्सनना खोटारडा आणि अजून काय काय म्हणाला, आणि सत्तरच्या दशकात फेडरल जजना काटेरी तारेचा एनिमा द्यायची भाषा करत होता. आपल्याकडचे नेते सौम्यच म्हणायचे.

सेल्माच्या मोर्चाची परवानगी यांनीच दिली ना?

दिली, पण आधी थांबवला. हे बरेच जण विसरतात.

७ मार्च १९६५ ला काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून माँटगोमेरीला निघालेल्या मोर्चावर तिथल्या पुलावर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला, तो रविवार जगभर टीव्हीवर गेला. लगेच मंगळवारी दुसरा मोर्चा ठरला आणि किंग यांचे वकील जॉन्सनकडे गेले की गव्हर्नरला रोखा. जॉन्सन म्हणाले साक्षीपुरावा ऐकल्याशिवाय मी काही देणार नाही, आणि सुनावणी होईपर्यंत तुम्हीही मोर्चा काढू नका. किंग पेचात पडले. मंगळवारी ते लोक घेऊन पुलापलीकडे गेले, प्रार्थना केली आणि परत फिरले. बऱ्याच तरुण कार्यकर्त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

इथे मला हमखास महाड आठवतं. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्यावर दुसऱ्यांदा जायचं ठरलं होतं, पण विरोधकांनी महाडच्या कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला, आणि जमलेल्या हजारो लोकांची तयारी असताना बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं थांबवलं. कोर्टाची लढाई कोर्टात लढू म्हणाले. फरक पुढे आहे. महाडची केस मुंबई हायकोर्टात संपायला १९३७ उजाडलं. जॉन्सननी चारपाच दिवस सुनावणी घेतली, किंग यांचीही साक्ष झाली, पुलावरची फिल्म कोर्टात दाखवली, आणि १७ मार्चला निकाल हातात. दहा वर्षं आणि दहा दिवस. ट्रायल जजला हवं असेल तर घड्याळ कसं चालतं बघा.

निकालातलं मुख्य सूत्र माझ्या भाषेत सांगायचं तर, जेवढा अन्याय मोठा तेवढा त्याविरुद्ध रस्त्यावर उतरायचा हक्क मोठा. कायद्याच्या पंडितांनी यावर पुष्कळ टीका केलीय, अन्याय मोजायची फूटपट्टी कोणाकडे असते वगैरे, आणि खरं सांगायचं तर तो मुद्दा बिनतोड आहे. पण मला त्या ऑर्डरमधला दुसराच भाग आवडतो. हायवे ८०, सेल्मा ते माँटगोमेरी ५४ मैल, मधे बराच पट्टा दोनच लेनचा. तर त्या पट्ट्यात जास्तीत जास्त ३०० माणसं, चार लेन लागल्या की कितीही. म्हणजे घटनेतलं भाषणस्वातंत्र्य आणि ट्रकचं ट्रॅफिक दोन्ही एकाच कागदावर. २१ तारखेला निघाले, २५ ला राज्याच्या कॅपिटॉलसमोर २५ हजारांच्या आसपास लोक होते. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा आला.

त्या २५ तारखेच्या रात्री व्हायोला लिउझो या मोर्चेकऱ्यांना गाडीतून सोडणाऱ्या बाईंना क्लॅनच्या लोकांनी गोळ्या घातल्या. खून हा राज्याचा गुन्हा, राज्याच्या कोर्टात काही शिक्षा लागली नाही. मग फेडरल सरकारने १८७० चा, यादवी युद्धानंतरचा जुना कायदा काढला, नागरी हक्क हिरावण्याचा कट, आणि केस जॉन्सनपुढे आली. ज्यूरी सगळी गोरी. ज्यूरी म्हणाली आमचं एकमत होत नाही, जॉन्सन म्हणाले परत आत जा आणि बसा. तिघे दोषी ठरले, प्रत्येकी दहा वर्षं, म्हणजे त्या कलमाखाली जास्तीत जास्त जेवढी होती तेवढी.

म्हणजे हे पक्के लिबरल होते?

त्यांना स्वतःला हा शब्द आवडायचा नाही, आणि निकाल बघितले तर मलाही तो बसत नाही. कोर्टात कडक, वकील उशिरा आला की संपला, गुन्हेगारांना शिक्षा देताना दयामाया कमी.

आणि चुकलेसुद्धा. १९५७ मध्ये अलाबामाने टस्कीगी शहराची हद्द बदलली, चौकोनी शहराचा २८ बाजूंचा चित्रविचित्र आकार केला, आणि त्यात सुमारे ४०० काळ्या मतदारांपैकी चारपाच सोडून सगळे शहराबाहेर गेले. गोरा एकही नाही गेला. केस आली तेव्हा जॉन्सन म्हणाले हद्द ठरवणं विधिमंडळाचं काम, कोर्टाला अधिकार नाही, आणि दावा फेटाळला. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने तो निकाल फिरवला. २८ बाजूंचा नकाशा समोर असताना हे कसं सुटलं देव जाणे.

उलट १९७२ च्या फ्रॉन्टिएरो केसमध्ये, एअरफोर्समधल्या बाईला नवऱ्यासाठी भत्ता हवा होता, पुरुषांना बायकोसाठी आपोआप मिळायचा तसा, तिथे बेंचवरचे दोघे म्हणाले चालतंय, एकट्या जॉन्सननी विरोध नोंदवला, आणि पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्ट त्यांच्या बाजूने गेलं. १९६६ मध्ये बायकांना ज्यूरीतून वगळणारा अलाबामाचा कायदाही त्यांच्याच बेंचने काढून टाकला होता. तर बेरीज वजाबाकी तुमची तुम्ही करा.

हॉस्पिटल आणि जेल चालवणारा जज असं म्हणतात ते काय?

हा माझा सगळ्यात आवडता भाग, कंटाळा आला तर पुढे जा.

टस्कलूसाला ब्राइस नावाचं सरकारी मनोरुग्णालय. १९७० मध्ये सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं म्हणून राज्याने तिथले ९९ कर्मचारी काढले. कर्मचारी कोर्टात गेले, सोबत एक पेशंटही वादी झाला, शाळकरी वयाचा रिकी वायट, ज्याला मानसिक आजारही नव्हता, नुसता उनाड म्हणून टाकला होता. जॉन्सन म्हणाले नोकरीचं सोडा, मला पेशंटचं सांगा. पाचेक हजार माणसं आत, मूठभर डॉक्टर. मग त्यांचा युक्तिवाद इतका साधा की आपल्या आजीलाही पटेल: तुम्ही माणसाला उपचारासाठी म्हणून कोंडलंय, उपचार देत नाही, मग कोंडलंय कशासाठी?

राज्याला मुदत दिली, राज्याने काही केलं नाही, तेव्हा १९७२ मध्ये त्यांनी स्वतःच यादी काढली. आठ पेशंटमागे एक संडास. पंधरांमागे एक शॉवर. एका खोलीत सहापेक्षा जास्त नाहीत आणि प्रत्येकाला ८० चौरस फूट. तापमान ६८ फॅरनहाइटच्या खाली नाही, ८३ च्या वर नाही. दर २५० पेशंटमागे कुठले किती कर्मचारी. लोक हसले की जज आहे का कंत्राटदार. पण "चांगली वागणूक द्या" एवढंच लिहिलं असतं तर राज्याने नक्कीच म्हटलं असतं की देतोय की. संडास मोजता येतात, आणि मोजता आलं तरच उद्या कोर्टात विचारता येतं की झाले का आठामागे एक.

जेलचंही तसंच. १९७६ च्या निकालात एका जेलमधल्या "डॉगहाउस" नावाच्या शिक्षेच्या कोठड्यांचं वर्णन आहे, चार बाय आठ फूट, त्यात सहापर्यंत माणसं, दिवा नाही, पाणी नाही, जमिनीत एक भोक आणि तेही बाहेरूनच फ्लश होणार. दिवसातून एक जेवण. पुरावा इतका जबरदस्त होता की राज्याच्या वकिलांनीच मान्य केलं की बाबा हे घटनेत बसत नाही. नवीन कैदी घेऊ नका, आधी गर्दी कमी करा असा हुकूम झाला आणि देखरेखीला ३९ जणांची समिती.

महामार्ग पोलिसांत ३७ वर्षांत एकही काळा शिपाई भरती झाला नव्हता, फक्त साफसफाईला ठेवायचे. १९७२ मध्ये हुकूम दिला, एक गोरा घेतला की एक काळा घ्यायचा, प्रमाण भरेपर्यंत. पेपरवाले म्हणायला लागले की अलाबामाचा खरा गव्हर्नर हाच.

आपल्याकडे जनहित याचिकेत कोर्ट केस बंद न करता दर महिन्याला रिपोर्ट मागवत बसतं ना, साधारण तोच प्रकार. त्यातले धोकेही तेच, निवडून न आलेला माणूस बजेट ठरवतो. मला विचाराल तर धोका आहे आणि तरीही त्या डॉगहाउसला दुसरा कोणी टाळं लावणार नव्हता.

रोजचं काम पण असंच सिनेमासारखं असतं का?

छे. रोजचं काम म्हणजे ढीगभर अर्ज, तारखा, तडजोडी, ड्रग्जच्या केसेस, विमा कंपनी, शिक्षा सुनावणं. कुठली केस कोणत्या जजकडे जाणार ते बहुतेक ठिकाणी लॉटरीसारखं ठरतं. हाताखाली दोनचार लॉ क्लर्क, नुकतेच कॉलेजमधून आलेले हुशार पोरंपोरी, एकदोन वर्षं राबतात. क्लर्क शब्दाने फसू नका, टॉपर असतात.

पगार किती? रिटायर कधी?

२०२५ मध्ये वर्षाला २,४७,४०० डॉलर. आकडा मोठा वाटतो, पण मोठ्या लॉ फर्ममध्ये पहिल्याच वर्षीच्या वकिलाला २,२५,००० मिळतात, म्हणजे जज मंडळी पैशासाठी येत नाहीत हे नक्की.

रिटायरमेंटचं वय नाही! आपल्याकडे जिल्हा न्यायाधीश ६०, हायकोर्ट ६२, इथे तहहयात. पगारही घटवता येत नाही. काढायचं तर महाभियोग, आणि सिनेटने दोषी ठरवून काढलेले फेडरल जज आजवर फक्त ८. वय ६५ आणि नोकरी १५ वर्षं अशी मिळून ८० ची बेरीज झाली की "सीनिअर" होता येतं, काम कमी, पगार चालू. आणि बदली नाही हेही लक्षात घ्या. आपला जज तीन वर्षांनी गाशा गुंडाळतो. जॉन्सन एकाच शहरात जवळजवळ २४ वर्षं ट्रायल जज होते.

नंतर वर गेले का?

१९७७ मध्ये कार्टरनी एफबीआयचे प्रमुख म्हणून नाव जाहीर केलं, पण महाधमनीचा आजार निघाला, ऑपरेशन झालं, नाव मागे घेतलं. १९७९ मध्ये अपील कोर्टात गेले, पाचवं सर्किट म्हणजे विभाग, त्याचे १९८१ मध्ये दोन तुकडे झाल्यावर अकरावं. तिथेही १९८५ मध्ये जॉर्जियाचा समलिंगी संबंधांविरुद्धचा कायदा मूलभूत हक्कावर गदा आणतो असा निकाल लिहिला, सुप्रीम कोर्टाने ८६ ला फिरवला, आणि २००३ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने आपलं ८६ चं चुकलं म्हणून सांगितलं. तोवर जॉन्सन नव्हते. १९९५ मध्ये प्रेसिडेन्शिअल मेडल ऑफ फ्रीडम, २३ जुलै १९९९ ला गेले.

आपल्यासारख्या माणसाचा या कोर्टाशी संबंध कधी येणार?

येतो की. नागरिकत्वाची शपथ पुष्कळदा फेडरल कोर्टात आणि फेडरल जजच देतात, त्यामुळे बऱ्याच मराठी कुटुंबांच्या अल्बममध्ये काळ्या झग्यातल्या जजबरोबर साडी नेसलेल्या आईचा फोटो असतो. त्यानंतर लगेच ज्यूरी ड्यूटीचं पत्र येऊ शकतं, टाळू नका. आणि इमिग्रेशनची फाइल वर्षानुवर्षं अडकली की लोक सरकारविरुद्ध दावा लावतात, तोही याच डिस्ट्रिक्ट कोर्टात. एक गफलत मात्र नेहमी होते: "इमिग्रेशन जज" हा या अर्थाने फेडरल जज नाही. तो न्याय खात्याचा नोकर, त्याला तहहयात वगैरे संरक्षण नाही.

माँटगोमेरीत बघायला काय आहे?

कोर्टाच्या इमारतीला १९९२ पासून जॉन्सनचंच नाव आहे. तिला लागूनच जुना ग्रेहाउंड बसस्टँड, जिथे २० मे १९६१ ला फ्रीडम रायडर्सना, म्हणजे बसप्रवासातला भेदभाव मोडायला एकत्र निघालेल्या काळ्या-गोऱ्या कार्यकर्त्यांना, जमावाने बेदम मारलं आणि पोलीस बराच वेळ आलेच नाहीत. आता तिथे म्युझियम आहे. क्लॅन आणि शहर पोलीस दोघांनाही हुकूम द्यायची केस मग जॉन्सनपुढेच आली, म्हणजे अक्षरशः खिडकीखालची केस. पाहुणे कोर्टाचा फोटो काढत नाहीत, बसस्टँडचा काढतात. मी काही बोलत नाही.

त्यांच्या जागी कोण आलं?

१९८० मध्ये मायरन थॉम्पसन. काळे, वय ३३, आणि गाव टस्कीगी, तेच २८ बाजूंचं. ब्राइस हॉस्पिटलची १९७० मध्ये सुरू झालेली केस फिरत फिरत त्यांच्याकडे आली आणि डिसेंबर २००३ मध्ये, ३३ वर्षांनी, त्यांनी ती बंद केली.